तगरचे कापड

सोलापुरात विणकाम शिकविण्यात ज्याच्या उमेदीची वर्षे गेली, त्याला तेर या गावाविषयी जे ममत्व वाटते त्याचे मूळ पुराणवस्तूंच्या हौसेत शोधण्याचे कारण नाही. ते कापडात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशात राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे, तेथे खपणारा माल आणि तेथून उचलण्याजोगा माल यांचा एक वृत्तान्त लिहून ठेवला, जो आज ‘पेरिप्लस’ या नावाने जगप्रसिद्ध आहे. त्यात भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या मजलेवर तगर, अशा दख्खनच्या दोन मोठ्या पेठांचा उल्लेख येतो. पैठणहून मौल्यवान खडे जात आणि तगरहून साधे कापड व मलमलीचे नाना प्रकार जात. हा सारा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या अफाट मुलखातून भडोचपर्यंत नेला जाई, असे तो व्यापारी सांगतो. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठचे तेर होय, असे फ्लीट या पंडिताने १९०१ साली साधार दाखवून दिले. माझ्या शहराच्या शंभर किलोमीटरच्या आत, गिरणीचा पहिला भोंगा होण्याच्या अठराशे वर्षे आधी, परदेशी जाणारे कापड विणले आणि विकले जात होते, ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हाच मनाशी ठरवून टाकले की आपल्या वर्गातील मुलांना तेथे नेलेच पाहिजे.

माझा वर्ग म्हणजे विणकाम शिकणाऱ्या तरुणांचा एक लहानसा शिकाऊ वर्ग. त्यातील बहुतेक मुले सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली घरांतली. घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि मागावर बसली की दोन्ही भाषांची सरमिसळ करून बोलणारी. यांच्या पणजोबांनी तेलंगणातून येऊन या शहरात हातमाग मांडले, आजोबांनी गिरण्यांतून पाळ्या केल्या, वडिलांनी यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढले. ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली, ती चादर या घरांतल्या माणसांच्या हातून उतरलेली आहे. मुलांना मी जे शिकवितो त्यातला सर्वांत जोखमीचा भाग नक्षीचा. बारीक चौकटींच्या कागदावर नक्षी उतरवावयाची. प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याच्या आणि बाण्याच्या धाग्यांची एक भेट. चौकट भरली तर तेथे ताण्याचा धागा वर, कोरी ठेवली तर खाली. त्या कागदावरील एकेक आडवी ओळ वाचून पुठ्ठ्याच्या पत्त्यावर भोके पाडावयाची, ते पत्ते दोरीने ओवून त्यांची साखळी करावयाची आणि ती जकार्डवर चढवावयाची, म्हणजे जेथे भोक असेल तेथे धागा उचलला जाऊन मोर, कमळ, वेल किंवा देवळाचे शिखर कापडात आपोआप उमटते. लिआँ शहराच्या जकार्ड नावाच्या कारागिराने १८०४ साली सिद्ध केलेली ही योजना. आता पत्त्यांच्या जागी संगणक आला असला, तरी चौकटींचा हिशोब तोच राहिला आहे.

तेरची सहल ही अशी धंद्यातली सहल असे. पहाटेच्या गाडीने निघावे, दिवसभर संग्रहालयात व देवळात बसून जुन्या नक्ष्या वहीत उतरवून घ्याव्यात, आणि दिवेलागणीनंतर सोलापूरला परतावे, असा तिचा परिपाठ. आमच्याबरोबर पुष्कळदा एक वृद्ध विणकर येत, ज्यांना सारी मुले अण्णा म्हणत. त्यांनी जन्मभर मागावर काम केले होते, आणि धागे मोजण्याची लहानशी काच त्यांच्या खिशात, चष्म्याशेजारी, सदैव असे.

सोलापूर सोडून तुळजापूरच्या दिशेने निघाले की तामलवाडीच्या आसपास पूर्वी मोगलाईची हद्द लागे. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचा. पलीकडे जाणाऱ्या मालावर करोडगिरी भरावी लागे, आणि सोलापूरच्या कापडाच्या गाठी त्या नाक्यावर खोळंबून पडत, असे जुनी माणसे सांगत. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपला, आणि पुढे ती हद्दही नाहीशी झाली. पुढे घाट चढून तुळजापूर, तेथून धाराशिव, आणि धाराशिवहून ईशान्येस वळले की काळ्या रानांतून तेर येते.

आल्याबरोबर डोळे दिपावेत असे या गावात काही नाही, आणि मला वाटते हेच त्याचे मोठेपण आहे. घरे, दुकाने, उसाच्या गाड्या, शाळेची घंटा, सारे काही मराठवाड्याच्या कोणत्याही मोठ्या गावात असावे तसे. फरक इतकाच की हे गाव स्वतःच्याच जुन्या थरांवर उभे आहे. भोवताली कोट, रेणुका अशा नावांच्या टेकड्या आहेत, आणि त्या डोंगराने घडविलेल्या नसून माणसांच्या वस्तीने घडविल्या आहेत: एक पिढी राहिली, तिची घरे पडली, त्या मातीवर दुसरी पिढी राहिली, आणि असे करीत करीत पांढर चढत गेली. १९५८ साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी येथे शास्त्रोक्त उत्खनन करून सातवाहनकाळातील वस्तीचे थर नोंदविले. परंतु त्याच्या फार आधीपासून दर पावसाळ्यात पांढर धुपे आणि मणी, नाणी, मातीची चित्रे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येत. ते कोणी उचलीत, कोणी पायाखाली तुडवीत. याच गावातील रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी ते उचलून जपावयास आरंभ केला. त्यांनी गोळा केलेल्या वस्तूंची संख्या हजारोंनी मोजावी लागते, आणि आज तेरमध्ये जे शासकीय पुराणवस्तु संग्रहालय आहे ते त्यांच्याच संग्रहातून उभे राहिले असून त्यांचेच नाव धारण करते. सरकारचे पुरातत्त्व खाते, विद्यापीठे, विलायतेचे पंडित यांच्यापैकी कोणाचेही काम मी कमी लेखीत नाही. पण एका खेड्यातील माणसाने, कोणाचा हुकूम नसता, कोणाचे वेतन नसता, आपल्या दारापुढची माती वाचावयास घ्यावी, या गोष्टीपुढे मी मनःपूर्वक नमस्कार करतो.

संग्रहालयात मुलांना मी प्रथम मोकळे सोडी. ती हटकून मण्यांच्या पेटीपाशी जात, कारण मण्यांत रंग आहे: अकीक, स्फटिक, काच, शंख. नंतर पांढऱ्या चिकणमातीच्या, केओलिनच्या स्त्रीमूर्तींपाशी. या लहानशा मूर्ती म्हणजे तेरचे वैभव. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगळी काढून जोडलेल्या, चेहरा शांत, केसांची रचना अशी काही गुंतागुंतीची की तिचा आलेख काढताना आमच्या चांगल्या चांगल्या मुलांची पेन्सिल अडखळे. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही तेरने जगाला दिली आहे, जिचे नाते इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जोडले जाते. इ. स. ७९ मध्ये व्हिसूव्हिअसच्या राखेखाली जे शहर गाडले गेले, त्यातील एका घरात दख्खनच्या कारागिरीशी इतके साम्य असलेली बाहुली असावी, यावरून भडोचच्या गाड्यांत कापडाच्या गाठींबरोबर आणखी काय काय जात असेल याची कल्पना मनाला चाळवून जाते.

अशाच एका भेटीत अण्णा एका मूर्तीपुढे बराच वेळ उभे राहिले. खिशातली काच त्यांनी काढली, पेटीच्या काचेमुळे तिचा उपयोग होईना म्हणून पुन्हा ठेवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

“मास्तर, कानातलं बघा, कमरेची मेखला बघा, मणी अन् मणी मोजून घ्या. पण नेसलेलं कुठं दिसतंय? कापडाचं गाव म्हणता तुम्ही, अन् ह्या बायकांच्या अंगावर कापडाची एक किनार नाही दिसत.”

मी म्हटले, “अण्णा, मलमल इतकी तलम होती की मातीत ती दाखवायची कशी?”

“तसं असेल,” ते म्हणाले, “पण मग आपल्याला कळायचं कसं, त्यांचा ताणा किती घट्ट होता ते?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि त्या दिवसापासून तो प्रश्न माझा झाला. त्या संग्रहालयात माती आहे, दगड आहे, शंख आहे, हाड आहे, तांबे आणि शिसे आहे. ज्या वस्तूने तगरचे नाव समुद्रापार नेले, तेवढी मात्र त्यात नाही. सूत कुजते. दख्खनच्या पावसात आणि काळ्या मातीत कापसाचा धागा शतकभरही टिकत नाही, मग दोन सहस्रके कोठून टिकणार? मधोमध भोक असलेल्या मातीच्या चकत्या पाहून अण्णा म्हणाले, ही चातीखालची चकती असणार, हिच्या वजनाने चाती फिरत राहते. आणि त्यांनी बोटांनी हवेतच सूत ओढून दाखविले. ती बोटांची हालचाल हाच तेथे तगरच्या कापडाचा एकमेव अस्सल पुरावा होता, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

दुपारी आम्ही त्रिविक्रमाच्या देवळात बसत असू. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना हे देऊळ फार मोलाचे वाटते, कारण मागच्या बाजूस अर्धगोल आणि वर हत्तीच्या पाठीसारखे छप्पर असलेली ही विटांची वास्तू मुळात बौद्धांचे चैत्य असावी, असा अभिप्राय त्यांनी दिला आहे. कार्ले, भाजे येथे डोंगर कोरून जे रूप केले, तेच रूप बांधकामात उभे राहिलेले क्वचितच आढळते. आंध्रात चेझर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर हे असेच दुसरे उदाहरण. चैत्याचे मंदिर झाले, आत विष्णूचा त्रिविक्रम अवतार उभा राहिला, पुढे सभामंडप जोडला गेला, आणि पूजा खंडित न झाल्यामुळेच त्या विटा आजवर टिकल्या. विटांचा आकार आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. मातीत तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, असे त्याचे कारण सांगतात. विद्यार्थ्यांना हे फार आवडे.

तेथून तेरणेच्या काठी गोरोबाकाकांच्या समाधीला जावयाचे. ज्ञानदेव-नामदेवांच्या मांदियाळीत वडीलकीचा मान असलेला हा कुंभार याच गावचा. संतांच्या मेळ्यात थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोणते मडके कच्चे ते त्याने सांगितले, आणि कच्चे निघाले ते नामदेवाचे, ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? भाविक येथे भक्तीसाठी येतात. मी मात्र, कारागीर म्हणून, त्या कथेतील परीक्षेपाशी दर वेळी थबकतो. भाजलेल्या आणि न भाजलेल्या मातीतील भेद आवाजावरून ओळखणे हे कुंभाराचे रोजचे कसब. तेच त्याने माणसांना लावले. धंद्याचे ज्ञान धर्मज्ञान होऊन बसले, म्हणून ते टिकले. विणकराच्या ज्ञानाचे असे भाग्य कबीरामुळे उत्तरेस फळाला आले. तगरच्या विणकरांपैकी मात्र कोणाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. राजांचे पोहोचले आहे. कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनी तर तेर सोडून कित्येक पिढ्या लोटल्यावरही आपल्या ताम्रपटांतून तगरपुरवराधीश्वर हे बिरुद अभिमानाने मिरविले.

माझी एक भाची नोकरीनिमित्त जपानात नागोयाला राहते. तिला मी तेरविषयी लिहिले तेव्हा तिने उत्तरादाखल एका दिवसाच्या सहलीचे लांबलचक पत्र धाडले. किसो नदीच्या खोऱ्यात त्सुमागो नावाचे गाव आहे. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेन्दो या डोंगरी राजमार्गावरील एकोणसत्तर मुक्कामांपैकी तो बेचाळिसावा मुक्काम. रेल्वे आली, प्रवासी पायी चालेनासे झाले, आणि गाव ओस पडू लागले. तेव्हा १९६८ पासून गावकऱ्यांनी आपली जुनी लाकडी घरे मूळ रूपात दुरुस्त करावयास घेतली, आणि १९७१ मध्ये सर्वांनी मिळून एक सनद केली: घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, पाडावयाचे नाही. १९७६ साली सरकारने त्या गावाला संरक्षित पारंपरिक वस्तीचा दर्जा दिला. भाचीने लिहिले होते की मुख्य रस्त्यावर दिवसा मोटार दिसत नाही, विजेच्या तारा दिसत नाहीत, आणि तेथल्या एका दुकानात एक आजी हिनोकी लाकडाच्या पातळ पट्ट्या काढून त्यांची टोपी विणीत बसल्या होत्या. ‘मामा, त्यांचा ताणा-बाणा तुमच्या चौकटींच्या कागदासारखाच होता,’ हे तिने मुद्दाम खाली रेघ ओढून लिहिले होते.

ते पत्र मी वर्गात वाचून दाखविले. मुलांना मोटारींच्या बंदीचे आश्चर्य वाटले. मला त्या सनदेचे वाटले. घर पाडू नये असा कायदा कोणतेही सरकार करू शकते, पण त्सुमागोत ही अट लोकांनी आपण होऊन आपल्याच मालमत्तेवर घालून घेतली. तेरला असा कोणताही करार झाला नाही. तरीही तेथे जे उरले, ते एका माणसाच्या ध्यासाने आणि एका देवळातील अखंड पूजेने उरले. मात्र दोन्ही गावांत एक भेद मला स्पष्ट दिसतो. जपानातील त्या गावाने घराबरोबर टोपी विणणारा हातही राखला. तेरमध्ये वस्तू राखल्या गेल्या, कसब गेले. यात तेरचा दोष काहीही नाही. व्यापाराचे मार्ग फिरले, रोमची मागणी आटली, राजधान्या हलल्या. विणकर पोटापाण्यासाठी जेथे गिऱ्हाईक असेल तेथे जातो, हे पद्मशाल्यांच्या सोलापुरास कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि म्हणूनच तेरहून परतताना माझे मन तेरपेक्षा सोलापुरातच अधिक गुंतलेले असे. १८७७ साली आमच्या शहरात पहिली गिरणी चालू झाली. जुनी मिल म्हणून ती ओळखली गेली. तिच्यामागोमाग इतरही आल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडल्या. त्यांचे दगडी बांधकाम कोठे उभे आहे, कोठे नाही, याची नोंद कोणीतरी घेईल. दगडाला साक्षीदार मिळतात. पण गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या माडीवर रचून ठेवलेल्या जकार्डच्या पत्त्यांच्या चळती, ज्यांत दोनचार पिढ्यांच्या नक्ष्या भोकांच्या लिपीत लिहिलेल्या होत्या, त्या रद्दीच्या भावाने विकल्या जाताना मी स्वतः पाहिल्या आहेत. हातगाडीवर त्या चळती जात होत्या आणि सर्वांत वरच्या साखळीवर लाल शाईने लिहिलेले होते: मोर, उजवा. डावा मोर कोठे गेला, ते गाडीवाल्यालाही ठाऊक नव्हते. मी ती साखळी वजनावर विकत घेतली. वर्गात आणून मुलांना उलट काम दिले: पत्त्यावरील भोके वाचून चौकटींचा कागद भरावयाचा. संध्याकाळपर्यंत त्या कागदावर पिसारा मिटलेला, मान किंचित मागे वळवलेला एक मोर उभा राहिला. मग कागद आरशासमोर धरून मुलांनी डावा मोरही काढला. अण्णांनी तो कागद पाहून मान डोलावली आणि डोळ्यांचा भाग बोटाने दाखवून म्हणाले, “इथं एक धागा सोडलाय बघा, मुद्दाम. नाहीतर डोळा भरून जातो.” असा धागा सोडावा हे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नाही.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक नोंदवही चालू आहे. तीत प्रत्येक जुन्या नक्षीचा चौकटींचा कागद चिकटविला जातो, आणि शेजारी तपशील लिहिला जातो: नक्षीचे नाव, ती कोणत्या कापडासाठी होती, सुताचा नंबर, पन्हा, इंचात ताण्याचे व बाण्याचे धागे किती, आणि सांगणाऱ्याने सांगितलेली खुबी. तेरच्या मूर्तींवरून मुलांनी काढलेल्या केशरचना आणि मेखला त्याच वहीत, स्वतंत्र पानांवर आहेत. त्यांतील एक मेखला आता टॉवेलच्या किनारीवर उतरली आहे. वहीचा शेवटचा रकाना सर्वांत मोठा ठेवला आहे, कारण अण्णांसारखी माणसे एका धाग्याविषयी अर्धे पान बोलतात आणि ते सारे लिहून घ्यावे लागते. सोलापुरात, पूर्व भागात वा अन्यत्र, ज्यांच्या माडीवर असे पत्ते अजून पडून असतील, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी विणकाम शिकविणाऱ्या एखाद्या माणसाला एकदा दाखवावेत. साखळी तुटलेली असली तरी चालते, पत्त्यांचा क्रम मागच्या बाजूच्या आकड्यांवरून लावता येतो.